रविवारचा उपास

"तुमी हितंच बसा. हितनं आवाज जातुया की आत."

असे म्हणून अण्णांनी उंबऱ्याबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. आत चटया अंथरल्या होत्या. चटयांवर अकरा जर्मन माणसे मांडी घालण्याचा प्रयत्न करीत होती. कोणाचे गुडघे मिटत नव्हते. कोणी भिंतीला टेकले होते. एका उंच गृहस्थाने पाय सरळ देव्हाऱ्याच्या दिशेने सोडले होते. त्याला कोणी काही म्हटले नाही.

मी त्या माणसांचा दुभाषी होतो. ते जर्मनमध्ये बोलत, मी मराठीत सांगे. अण्णा मराठीत बोलत, मी जर्मनमध्ये सांगे. खुर्चीवरून आत बोलताना मान वाकडी करावी लागत होती.

तांदळाची भाकरी, वांग्याचे भरीत, मटणाचा रस्सा, इंद्रायणीचा भात. स्टीलची नवी ताटे. अकरा ताटे वाढली गेली. तेव्हा त्यांच्यातल्या उर्सुलाबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि मला जर्मनमध्ये विचारले, "तुम्ही आमच्याबरोबर का बसत नाही?"

"काय म्हनत्यात बाई?" अण्णांनी विचारले.

मी सांगितले. जसेच्या तसे सांगितले. दुभाष्याने शब्द गाळू नयेत, असे मी शिकलो होतो.

अण्णा हसले. त्यांचे हसणे मोकळे असते. "सांगा त्यास्नी, उपास हाय म्हनावं. आज तुमचा उपास हाय."

मी उर्सुलाबाईंकडे पाहिले. स्वच्छ जर्मनमध्ये, व्याकरणाची एकही चूक न करता म्हणालो, "माझा आज उपवास आहे."

"या वयात!" कोणीतरी म्हणाले. एका बाईने माझा फोटो काढला.

आतून अण्णांची आई बाहेर आली. ऐंशीच्या पुढची बाई. तिने ऐकले होते. तिला ते खरेच वाटले असावे. "उपास हाय व्हय रं तुजा? मग उपाशी का बसतूस, ही घे," असे म्हणून तिने दोन केळी आणली आणि माझ्या हातात न देता ओट्याच्या कठड्यावर ठेवली. ठेवताना तिने हात झटकला नाही. रागही नव्हता. सवय होती.

मी केळी खाल्ली नाहीत. तेवढेच त्या दिवशी मला जमले.

गावाचे नाव लिहीत नाही. भरे गावाच्या पुढे, पिरंगुटच्या कारखान्यांपासून फार दूर नाही. मुळशीत अशी गावे बरीच आहेत. प्रत्येक गावाला आमची वस्ती आहे. माझे वय चौऱ्याहत्तर. मी बौद्ध आहे. एका जर्मन कंपनीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि बत्तीस वर्षांनी तपासणी विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. गावात मला 'जर्मन' म्हणतात. "आला बगा आपला जर्मन," असे एस. टी.च्या थांब्यावर कोणीतरी म्हणतेच. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी मोजणे सोडून दिले होते.

जर्मन मी जर्मनीतच शिकलो. चाळीस वर्षांपूर्वी कंपनीने आम्हाला प्रशिक्षणासाठी अकरा महिने पाठवले. इतर चौघांना एका गावी ठेवले, मला एकट्याला दुसऱ्या. त्या गावात मराठी मंडळींचा एक गट होता. सात-आठ कुटुंबे. दर रविवारी एकेकाच्या घरी जमत. पहिल्या रविवारी त्यांनी मला बोलावले. पुरणपोळी होती. वाढता वाढता घरच्या बाईंनी आडनाव विचारले. आडनावावरून नीट कळले नाही, म्हणून गाव विचारले. गावावरूनही कळले नाही, म्हणून गावात घर नेमके कोणत्या बाजूला, असे विचारले. मी सांगितले. त्यांनी पोळीवर तूप वाढले. तूप कमी नव्हते. पुढच्या रविवारी मात्र बोलावणे आले नाही. अकरा महिने आले नाही.

माझी घरमालकीण विधवा होती. प्रेमळ नव्हती. जिन्यात बूट वाजले की ओरडायची. पण तिच्या घरात जेवायचे टेबल एकच होते आणि माझी खुर्ची त्याच टेबलाला होती. तिथे मी ती भाषा शिकलो. ती माणसे देव होती असे मी म्हणत नाही. ट्राममध्ये माझ्या शेजारची जागा कित्येकदा रिकामी राहत असे आणि माणसे उभी राहत. मला एवढेच म्हणायचे आहे की परमुलखात घोळका करून राहणे म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. घोळक्याच्या बाहेर राहणे म्हणजे काय, हेही.

म्हणून उर्सुलाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना नाही म्हणालो नाही.

त्यांचे यजमान इथल्या एका कारखान्याचे प्रमुख. राहणे नांदे-चांदे गावांच्या बाजूला, भिंतीच्या आतल्या बंगल्यांमध्ये. ते बंगले अण्णांच्या जमिनीवर उभे आहेत आणि त्यातले चार अजून अण्णांच्याच नावावर आहेत. सगळी जर्मन कुटुंबे तिथेच. शनिवारी एकत्र पोहायचे, रविवारी एकत्र जेवायचे, आपापसांत वाढदिवस करायचे. बाई मला म्हणाल्या, "दोन वर्षे झाली. या देशात मी दोनच माणसांना ओळखते. एक ड्रायव्हर आणि एक स्वयंपाकीण. आम्हाला इथल्या लोकांत मिसळायचे आहे. त्यांच्या घरी जाऊन जेवायचे आहे. तुम्ही मदत कराल का?"

मला त्यांची दया आली. मला वाटले, या बाईंचे म्हणणे मी समजू शकतो. तिथल्या अकरा महिन्यांत मलाही हेच कोणाला तरी विचारायचे होते.

त्यांच्या घरी मी टेबलाशीच बसत असे. कॉफी आणि केक. तिथे काही अडचण नव्हती. अडचण 'इथले लोक' कोण, हे ठरवताना आली. ते मी ठरवले नाही. अण्णांच्या मुलाने ठरवले. तो इंग्रजी बोलतो. बंगल्यांची देखभाल त्याच्याकडे आहे. त्याने आठ घरांची यादी केली. आठही घरे जमीनवाल्यांची. पहिले घर त्यांचे स्वतःचे.

त्या पहिल्या रविवारी, पाहुणे हात धुवायला उठले तेव्हा अण्णा बाहेर माझ्याजवळ आले. तंबाखू मळत म्हणाले, "राग मानू नगा बरं का. भायेर आपुन काय बी खातोय, एका टेबलावर बसतोय. पर आत देव हाय. आयला चालत न्हाई. माजं म्हनाल तर मी काय मानत न्हाई."

मी म्हणालो, "ते लोक आत चालतात का आईंना?"

"त्ये पाव्हनं."

"मी?"

अण्णांनी तंबाखू ओठात ठेवली. "तुमी तर घरचंच की," ते म्हणाले.

जिभेवर दोन भाषा होत्या. एकीतही शब्द सापडला नाही.

घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. हिराने, माझ्या बायकोने, विचारले, "जेवलाव ना तितं?" मी म्हणालो, "आज उपास आहे." का म्हणालो, ते मला तेव्हा कळले नाही. आता कळते. मी आयुष्यात खोट्या तपासणीवर सही केली नव्हती. माप चुकले तर माल परत पाठवला होता. अकरा माणसांसमोर एक खोटे वाक्य बोललो होतो. ते खरे करण्याचा एकच मार्ग मला दिसला. मी संध्याकाळपर्यंत जेवलो नाही.

"आपल्यात कुटला आलाय रविवारचा उपास?" हिरा म्हणाली. "पोर्णिमेचा बी तुमी कदी धरला न्हाई."

मी म्हणालो, "आता धरतो."

ती भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत राहिली. मग भाकरी झाकून ठेवली.

पंधरा दिवसांनी दुसरे घर. तिथे मला कोणाला काही सांगावे लागले नाही. अण्णांच्या मुलाने आधीच कळवले होते, "त्यांचा रविवारी उपास असतो." खुर्ची ओट्यावर तयार होती. तिसऱ्या घरी खुर्ची अंगणात होती, आंब्याखाली. सावली चांगली होती. चौथ्या घरी खुर्ची नव्हती, बाज होती. माझ्यासाठी ताट वाढायचे की नाही, कुठे वाढायचे, कशात वाढायचे, हे प्रश्नच उरले नाहीत. माझ्या उपासाने सगळ्यांची सोय झाली होती. माझीही. मला कोणी 'आत येऊ नका' असे म्हणत नव्हते. मी स्वतःच जात नव्हतो.

जर्मन मंडळींना माझ्या उपासाचे फार वाटे. ती आपापसांत हळू आवाजात बोलत, जणू मी कोणी साधू आहे. त्यांच्या गटाचे एक छोटे पत्रक निघे. पुण्यातल्या सगळ्या जर्मन घरांत ते जाई. पाचव्या भेटीनंतर उर्सुलाबाईंनी मला त्यासाठी लिहिलेला मजकूर वाचून दाखवला. "आमचे वृद्ध दुभाषी रविवारी अन्नाला स्पर्श करीत नाहीत. सगळे जेवत असतात तेव्हा ते दाराशी बसतात आणि शांतपणे पाहत असतात. या देशात आम्ही जे समाधान शोधायला आलो, ते त्यांच्या चेहऱ्यावर आहे."

वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "यात काही चूक आहे का?"

मी म्हणालो, "गावाच्या नावात एक अक्षर चुकले आहे."

त्यांनी पेन काढून ते दुरुस्त केले.

मी का जात राहिलो, हे मला कोणी विचारलेले नाही. तरी उत्तर देतो. पैशांसाठी नाही. निवृत्तीनंतर चौदा वर्षांत मला कोणी कशासाठी बोलावले नव्हते. गावच्या बैठकीत माझे मत कोणी विचारत नव्हते. आता मोठी गाडी वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहत होती आणि ड्रायव्हर उतरून मागचे दार उघडत होता. पोरेबाळे बघत. मला बोलावले जात होते. एवढेच कारण. ते क्षुल्लक आहे, म्हणून लिहिले.

आठ घरे संपली तेव्हा उर्सुलाबाई म्हणाल्या, "इतक्या घरी जेवलो. तुमच्या घरी मात्र एकदाही नाही. रविवारी तुमचा उपवास असतो, म्हणून आम्ही बुधवारी येतो. चालेल?"

मी चालेल म्हणालो. माझा आवाज बदलला असावा, कारण त्या हसल्या.

हिराने तीन दिवस घर आवरले. भिंती पुसल्या. दोन्ही जावांकडून स्टीलची ताटे आणली, सगळी एकसारखी जमवली. मला म्हणाली, "त्यास्नी खाली बसवायचं न्हाई. गुडगं दुकत्यात त्यांचं. टेबलं मांडूया." समाजमंदिरातून दोन लांब टेबले आणली. बुधवारी पहाटे उठून तिने स्वयंपाक केला. कोंबडीचा रस्सा, कमी तिखट, दोनदा चाखून. तांदळाची भाकरी. करवंदाचे लोणचे. शेवयांची खीर. नऊ माणसे येणार होती. तिने पंधरा जणांचे केले.

अकरा वाजता माझ्या फोनवर उर्सुलाबाईंचा संदेश आला. जर्मनमध्ये. फार नम्र. तुमच्या भागातले पाणी चांगले नाही असे आम्हाला कळवण्यात आले आहे. आमच्यातल्या काहींची पोटे नाजूक आहेत. तुमच्या घरी येऊन अन्न नाकारणे म्हणजे तुमचा अपमान करण्यासारखे होईल. म्हणून न येणेच योग्य वाटते. तुम्ही समजून घ्याल याची खात्री आहे.

मी तो दोनदा वाचला. माझा अपमान होऊ नये म्हणून ते येणार नव्हते.

कळवणारा कोण, हे विचारण्याची गरज नव्हती. अण्णांच्या घरी येणारे पाणी आणि आमच्या घरी येणारे पाणी एकाच टाकीतले आहे. टाकी आमच्या वस्तीला जास्त जवळ आहे. त्यांच्या घरी पाणी पोचते ते आमच्या दारावरून जाऊन.

"काय म्हनत्यात? कितीला येत्यात?" हिराने विचारले. तिने नवे लुगडे नेसले होते.

"येत नाहीत."

"का?"

मी तिला संदेश मराठीत सांगितला. एकही शब्द गाळला नाही. ती चुलीजवळ उभी होती. तिने हातातली पळी खाली ठेवली. मग मी दुसरेही सांगितले. अण्णांचे घर, उंबऱ्याबाहेरची खुर्ची, आठ घरे, उपास. आतापर्यंत तिला ते ठाऊक नव्हते. ती ऐकत होती. रडली नाही. ती रडेल असे मला वाटले होते.

"म्हंजी तुमी नेम म्हनून उपाशी ऱ्हात नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"त्यांच्या दारात उपाशी ऱ्हात व्हता."

"हो."

"आन मी हितं भाकरी झाकून ठेवीत व्हते, देवधरमाचं काय तरी आसंल म्हनून." ती माझ्याकडे वळली. "आवो, माजा आजा त्यांच्या दारात उपाशी बसला. त्याला दुसरा इलाज नव्हता. तुमाला काय झालं व्हतं?"

मी खाली बसलो. 

तिने एक ताट वाढले. माझ्यासमोर ठेवले. "जेवा," ती म्हणाली. वस्तीतल्या माणसांना हाक मारून तिने बाकीची ताटे भरली. ज्याने त्याने रस्सा चांगला झाल्याचे सांगितले. कोणी कशासाठी केला होता ते विचारले नाही. वस्तीला न विचारता कळते.

पुढच्या रविवारी अण्णांच्या घरी पुन्हा जेवण होते. नवीन दोन कुटुंबे आली होती, त्यांची ओळख. गाडी आली. हिरा म्हणाली, "जाताय?" मी म्हणालो, "जातो. जेवून जातो." तिने सकाळी साडेअकरालाच वाढले. मी भाकरी, भाजी, भात, सगळे खाल्ले. पाणी प्यालो. मग गेलो.

खुर्ची त्याच जागी होती. मी बसलो नाही. उभा राहिलो. आत पंधरा माणसे. ताटे वाढली गेली. उर्सुलाबाईंनी नव्यांना माझी ओळख करून दिली. बुधवारबद्दल त्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "हे आमचे दुभाषी. दर रविवारी यांचा उपवास असतो." एक नवा तरुण इंजिनिअर होता. सोनेरी दाढी, चेहरा सरळ. त्याने मला उत्सुकतेने विचारले, "कोणत्या देवासाठी?"

"काय म्हनतुया त्यो?" अण्णा.

"विचारतोय, माझा उपास कोणत्या देवाचा."

अण्णा भात कालवत होते. "सांगा कुटला बी. रविवार हाय, खंडोबाचा सांगा."

मी त्या तरुणाकडे पाहिले आणि जर्मनमध्ये म्हणालो, "मी उपवास करीत नाही. आज जेवून आलो आहे. मी बौद्ध आहे. या गावात आमची जात खालची समजतात. म्हणून या खोलीत मला बसू देत नाहीत. उपवास आहे असे सांगा, असे मला सांगण्यात आले. मी तसे सांगितले. आठ घरांत ते चालू दिले. ते खोटे होते. माझ्या वस्तीतले पाणी आणि तुमच्या ताटाजवळचे पाणी एकाच टाकीतले आहे."

नंतर मी अण्णांकडे वळलो. "आता मी जे बोललो ते मराठीत सांगतो. मी काय सांगितले याबद्दल नंतर शंका नको." आणि तेच मराठीत सांगितले. त्याच क्रमाने.

अण्णांचा हात ताटातच थांबला. "जेवनाच्या टायमाला ह्यो काय इषय काडला?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पाव्हनं बसल्यात. गावाची आब्रू हाय."

त्यांच्या आईने दारातून विचारले, "काय म्हनतुया त्यो? उपास मोडला व्हय त्याचा?"

"तू आत जा, आय."

उर्सुलाबाई लाल झाल्या. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. त्या मला हळू म्हणाल्या, "कृपा करा. यावर आपण नंतर बोलू. आत्ता नको." त्यांचे यजमान सर्वांना उद्देशून म्हणाले, "आपण या देशात पाहुणे आहोत." एक बाई म्हणाली, "इथल्या गोष्टी फार गुंतागुंतीच्या असतात." त्या तरुणाने ताट बाजूला सारले. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. कोणी उठले नाही. मग त्याने ताट पुन्हा पुढे ओढले.

मी भात दुसऱ्यांदा वाढला जाईपर्यंत थांबलो. कोणीतरी उठेल असे मला वाटत होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तसे वाटणे शोभत नाही. पण वाटत होते.

अण्णांच्या मुलाने इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. पावसाळ्यात इथले धबधबे किती सुंदर असतात, त्याबद्दल. सगळ्यांनी सुटल्यासारखे त्याच्याकडे तोंड वळवले. जेवण चालू राहिले.

मी चालत घरी आलो. साडेतीन किलोमीटर.

मंगळवारी उर्सुलाबाई एकट्या आल्या. गाडी रस्त्यावर सोडून चालत आल्या. हिराने त्यांना खुर्ची दिली आणि तांब्यातून ग्लासात पाणी ओतून दिले. त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला.

"मला माहीत नव्हते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही एकदा विचारलेत. मी एक उत्तर दिले. मग सात रविवार तुम्ही विचारले नाही."

"तुम्हीच सांगितलेत, उपवास आहे."

"हो. तो माझा गुन्हा आहे. मी तुमच्यावर ढकलत नाही."

त्यांनी ग्लास मांडीवर टेकवला. मग म्हणाल्या, "आम्ही काय करू शकतो? आम्ही त्यांच्या घरात राहतो. दीड वर्षाने आम्ही परत जाऊ. एक करता येईल. पुढचे जेवण आमच्या घरी ठेवू. सगळ्यांना बोलावू. तुम्ही दोघे टेबलाशी बसाल."

"अण्णा येतील का?"

त्यांनी खाली पाहिले. "मी विचारले. त्यांना त्या दिवशी काम आहे."

"इतर सात घरे?"

"त्यांनाही."

हिराला हे जर्मन कळत नव्हते. ती ग्लासाकडे पाहत होती. निघताना उर्सुलाबाईंनी ग्लास जपून स्टुलावर ठेवला. तो भरलेला होता. हिराने ते पाणी दारातल्या झाडाला घातले आणि ग्लास घासला. उर्सुलाबाई वाईट बाई नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो. वाईट माणसांशी भांडणे सोपे असते.

मी जाणे सोडले. माझ्यावाचून कोणाचे अडले नाही. अण्णांच्या मुलाने मोबाईलवर भाषांतराची सोय करून घेतली. मोबाईल मधोमध ठेवायचा आणि बोलायचे. तो चटईवर बसतो, ताटांच्या मध्ये. त्याला कोणी बाहेर ठेवत नाही. रविवारची जेवणे चालू राहिली, आता दर रविवारी अण्णांकडेच. गटाच्या पत्रकात माझ्याबद्दल पुन्हा काही आले नाही. माझा मोठा नकार कोणाच्याही घशात अडकला नाही. मी बोललो त्याने गावात काही बदलले, असे मी सांगू शकत नाही. एक गोष्ट झाली. आता मला कोणी 'जर्मन' म्हणत नाही. थांब्यावर मी आलो की बोलणे थांबते.

दीड महिन्याने अण्णा स्वतः भेटले. पिरंगुटच्या चौकात, चहाच्या हॉटेलात. माझ्या समोर येऊन बसले. दोन चहा सांगितले.

"मोबाईल लई चुका करतुया," ते म्हणाले. "परवा आय म्हनली, पोरगी गुनाची हाय. त्यानं काय सांगितलं कुनास ठावं, त्या बाया समद्या हसाय लागल्या. तुमच्यासारकं न्हाई जमत त्याला." चहा आला. "ऐका माजं. या रविवारी चला. समद्यांची पंगत ओट्यावरच मांडतो. पाव्हनं बी भायेर, मी बी भायेर, तुमी बी. एका रांगेत. मंग तर झालं?"

मी खोटे सांगत नाही. क्षणभर मला ते मोठे वाटले. ओट्यावर, एका रांगेत. माझ्या बापाला ते स्वप्नातही दिसले नसते.

मी विचारले, "आई कुठे बसतील?"

"आय आतच. तिचं काय धरून बसताय."

"हिरा माझ्याबरोबर आली आणि तिला पाणी लागले, तर ती आत जाऊन माठातले घेईल का?"

अण्णांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. प्यायले नाहीत. "तुमी लईच ताणताय राव," ते म्हणाले. "आमी दोन पावलं पुढं आलो, तर तुमी चार मागताय."

"मी पावले मागत नाही, अण्णा. मी येत नाही."

"आवो, पर तुमच्याशिवाय..."

"मी येत नाही. ओट्यावर नाही, अंगणात नाही. जिथे माझ्या बायकोला हाताने पाणी घेता येत नाही, तिथे मी कोणाचा शब्द कोणाला सांगणार नाही. मराठीतला जर्मनमध्ये नाही आणि जर्मनमधला मराठीत नाही."

त्यांनी माझा चहा बघितला. तो निवला होता. "मंग बसा उपाशी," असे म्हणून ते उठले.

मी उपाशी बसत नाही.

रविवारी साडेबाराच्या सुमारास त्या मोठ्या गाड्या आमच्या वस्तीवरून जातात. अण्णांकडे जायला दुसरा रस्ता नाही. बरोबर त्या वेळी मी अंगणात टेबल मांडतो. सावलीत नाही, रस्त्याला तोंड करून. हिरा शेजारी बसते. दोन ताटे. गाड्यांच्या काचा वर असतात. आतली माणसे समोर पाहतात. एखादी बाई पाहते आणि चेहरा वळवते. मी घास थांबवत नाही, हात हलवत नाही, हसत नाही. पाऊस असला तर छत्री बांधतो. ताप असला तरी बसतो.

ज्या दिवशी त्या गाड्या जाणे बंद होईल, त्या दिवशी मी घरात जेवेन. तोवर दर रविवारी मी त्यांच्या डोळ्यांसमोर जेवणार आहे.